अण्णारावाची कडक गाडी

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत न्हाय. पर मी घेते. अण्णाराव! सोलापुरात शुक्रवार पेठेत पेंडीचं दुकान, गिऱ्हाइकाशी लई गोड, घरात मात्र कुणाचं ऐकायचं न्हाय. अहो-जाहो बी आज न्हाय त्याला.

त्याच्याकडं एक फियाट हाय. रोज तीच दुकानाला, तीच बाजाराला, तीच पावण्यांना आणायला. आन वर्षातनं एकदा शर्यतीला. वळसंगच्या जत्रेत बैलांचे छकडे पळतात की, त्यांच्यामागनं माळावर मोटारी पळवायचं खूळ कुणीतरी काढलं. दोन सालं वेळापूरचा मानसिंग पुढं गेला. सोलापुरात टॅक्सी चालवतो तो, त्याच जुन्या अँबॅसिडरनं. तवापासनं अण्णारावाला अन्न गोड लागंना. "पाळण्यागत डुलती ती गाडी, आन आपण तिच्या मागं!" हेच जेवताना, हेच झोपताना.

गेल्या चैत्रात, जत्रेच्या आधी, त्यानं फियाट धुळा मेस्त्रीकडं घातली. "वळणावर कलंडती. कडक कर." धुळा म्हणाला, "रोजची गाडी हाय मालक. नुसते शॉकअप बदलू. शर्यतीलाबी चालतील, घरच्यांनाबी सोसतील." अण्णाराव ऐकतोय व्हय! "शर्यतीच्या छकड्याला कुटं स्प्रिंग असती रे? जितकं कडक तितकं पळतं." झालं. शॉकअप बदलले, मागं स्प्रिंगचे जादा पाटे घातले, आन पुढच्या स्प्रिंगा चक्क कापल्या. कापलेली स्प्रिंग परत लांब होती का? बाजारातनं घरी येईपातूर माझी कंबर धरली.

माझ्या कमरेचं मरू दे. त्याची सख्खी बहीण अक्कम्मा वळसंगला दिलीय. दोनदा दिवस राहिले आन दोनदा गर्भ गेला. आता तिसऱ्यांदा सातवा लागला होता. डॉक्टरनी बजावलं होतं, हिला हिसका बसता कामा न्हाय. आमच्यात सातव्यात कुबस करतात, माहेरची हिरवी चोळी घालतात आन लेकीला बाळंतपणाला घेऊन येतात. तिला आणायचं होतं जत्रेच्याच दिवशी, ह्याच गाडीतनं.

"आधी गाडी मऊ करा," मी म्हणलं.

"शर्यत बी होती, बहीण बी येती. बायकांना उगं बाऊ करायची सवय."

बाऊ म्हणे! पोट काय ह्यानं वागवलं होतं?

शर्यत त्यानं जिंकली. गुलालानं माखला आन समद्या जत्रेदेखत वरडला, "मानसिंगराव, पाळणा घरी न्या, पोरं झोपवा!" मानसिंगनं आपली गाडी नेऊन लिंबाखाली लावली. मग मला आन धुळा मेस्त्रीला गाडीत घालून तसाच अक्कम्माच्या दारात, मागं निम्मी जत्रा.

अक्कम्मा हिरव्या चोळीत बाहेर आली. एक पाय गाडीत टाकला. तोंड पांढरंफटक.

"भ्या वाटतंय का गं?" मी इचारलं.

"वैनी, अण्णा आज जिंकलाय," ती हळूच म्हणाली. "आता त्याला कसं न्हाय म्हणू?"

माझं डोस्कंच फिरलं. तिला हाताला धरून मागं घेतली. घरातनं पाण्यानं भरलेली कळशी आणली आन अण्णारावाला म्हणलं, "बसा मागं. ही मांडीवर घ्या. धुळा चालवंल. वेशीपातूर जाऊन या. पानी ऱ्हायलं, तर तुमची बहीण बसंल."

माणसं हसाय लागली. शर्यत जिंकलेला गडी, न्हाय कसा म्हणणार! बसला.

परत आला तवा सदरा चिंब, गुलाल वघळून पार धोतरापातूर आलेला. कळशीत तळाला वंजळभर पानी. उतरताना कमरेवर हात होता. अक्कम्मा खाली बघत उभी होती.

अण्णारावानं कळशी खाली ठेवली आन माळाकडं चालत गेला. मी मागनं गेले. मानसिंग लिंबाखाली चा पीत बसला होता.

"मानसिंग, तुजी गाडी दे. बहिणीला न्यायचीय."

मला वाटलं, आता हा समदं वसूल करतोय. मानसिंगनं कप खाली ठेवला. "पाळणाच हाय की माझा, अण्णाराव. बसवा अक्काला."

बसवली. मी तिच्याशेजारी. मानसिंगनं खड्डा चुकवत चुकवत सोलापूरपातूर आणली. मागनं अण्णाराव त्या कडक गाडीत एकटाच आदळत येत होता. मी काय मागं बघितलं न्हाय.

आषाढात अक्कम्माला लेक झाली. दोघी खुशाल हायत. बारशाचं बोलावणं द्यायला अण्णाराव सोता मानसिंगकडं गेला. मी इचारलं, "बहिणीला काय म्हणलात का? चुकलं म्हणून?"

"त्यात काय म्हणायचं? झालं की समदं नीट."

नीट झालं म्हणे! अक्कम्मा भावासाठी मुकाट त्या गाडीत बसणार होती. ती आजबी गप हाय. मी न्हाय बसायची गप. म्हणून त्याचं नाव घेते, चारचौघांत, त्याच्या तोंडावर.