कागदी दारात घेतलेलं नाव

मी खोकी डिझाइन करते, असं सांगितलं की लोक जरा थांबतात आणि मग विचारतात, “म्हणजे पॅकिंगचं का?” हो, पॅकिंगचं. मिठाईची, औषधांची, साबणाची खोकी आपोआप जन्माला येत नाहीत. कोणीतरी ती आधी कॉम्प्युटरवर सपाट आखतं, कुठे कापायचं आणि कुठे घडी घालायची ते ठरवतं, तेव्हा कुठे ती उभी राहतात. ते कोणीतरी म्हणजे मी. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत माझा कॉम्प्युटर आहे, नमुने कापायचं छोटं मशीन आहे आणि कात्रणांचा कायमचा पसारा आहे. या धंद्याचा उपयोग आईला बोलतं करायला होईल, असं कोणी मला सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मागच्या वर्षी आईला अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय बऱ्यापैकी सावरले, वाचा मात्र गेली. अगदी सगळी नाही, एक शब्द राहिला. “मेलं.” आई, चहा हवा का? “मेलं.” बरं वाटतंय ना? “मेलं.” तपासायला आलेल्या तरुण डॉक्टरकडे बघूनही ती तेच म्हणाली आणि तो बिचारा चपापला. आम्ही हसलो आणि हसता हसता रडलोही. तिला सगळं कळत होतं. डोळ्यांत दिसायचं ते. शब्द तेवढा ओठांशी येईना.

तिला बोलण्याचे व्यायाम द्यायला एक मॅडम घरी येऊ लागल्या. बाई शहाण्या, पण त्यांच्या पिशवीतली चित्रांची कार्डं बघून माझं डोकंच फिरलं. पेंग्विन! सॅक्सोफोन! बर्फाचं घर! लोणी काळभोरच्या मळ्यात वाढलेली, लग्न होऊन कसबा पेठेत आलेली आणि आता कोथरूडला माझ्या खालच्या मजल्यावर राहणारी माझी आई पेंग्विनला काय म्हणून ओळखणार? तिने कार्ड बाजूला सारलं आणि म्हणाली, “मेलं.” या वेळी शब्द अगदी चपखल होता.

“अहो, हिच्या घरातल्या वस्तू दाखवल्या तर?” मी मॅडमना विचारलं.

“त्याहून चांगलं काहीच नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला जमतंय तर करा की.”

झालं! मी पदर खोचला. आईच्या स्वयंपाकघरात जाऊन तिच्या वस्तूंचे फोटो काढले. दांडा वाकलेली किसणी, खलबत्ता, कान तुटलेला तिचा चहाचा कप. तो कप टाकून दे म्हणून मी कित्येकदा भांडले होते. फोटोंवरून कॉम्प्युटरवर आकार काढले, रंग भरले, मशीनवर जाड कागदात कापून घेतले आणि कार्ड उघडलं की वस्तू टुणकन उभी राहील अशा घड्या बसवल्या. घडीची रेघ मात्र मी मशीनला मारू देत नाही. शाई संपलेलं बॉलपेन घ्यायचं, पट्टी धरायची आणि हाताने मारायची. कागदालाही कल असतो. भलत्या बाजूने दुमडला तर तडकतो, आणि तो कल बोटांनाच कळतो.

पहिलं कार्ड किसणीचं होतं. आईने ते उघडलं. उभ्या राहिलेल्या किसणीकडे बघितलं, वाकड्या दांड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “कि... किसणी.”

मी अशी किंचाळले की शेजारच्यांनी काय झालं म्हणून बेल वाजवली. पुढच्या काही आठवड्यांत कप आला, खल आला, साखर आली. एके दिवशी “माझी किसणी” असे दोन शब्द जोडीने आले. माझ्या खोक्यांना बक्षिसं मिळाली आहेत, पण असा आनंद मला कधी झाला नव्हता. अंगात वारंच शिरलं माझ्या.

या सगळ्या वेळी बाबा तिथेच बसलेले असायचे. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला हा माणूस उभ्या आयुष्यात कधी आवाज चढवून बोलला नाही. प्रत्येक नवीन कार्ड ते हातात घेऊन उलटसुलट बघायचे, आईच्या तोंडून शब्द आला की मान डोलवायचे. एकदा मला हळूच म्हणाले, “माझं कधी करतेस?”

मग मी बाबांचं कार्ड केलं, आणि चांगलं दणक्यात केलं. अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट घातलेले बाबा मधोमध उभे, आणि खाली त्यांचं नाव, मोठ्ठ्या कापलेल्या अक्षरांत. मॅडमसमोरच ते आईच्या हातात दिलं.

“आजी, हे कोण बरं? नाव सांगा बघू,” मॅडमनी विचारलं.

आईने कार्डाकडे पाहिलं. शेजारी बसलेल्या बाबांकडे पाहिलं. कार्ड मिटलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तरुणपणचा, मिशीवाला फोटो लावून दुसरं कार्ड केलं, तरी तेच. बाबा उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी मागे गेले तर म्हणाले, “राहू दे गं. विसरली असेल. किसणी रोज तिच्या हातात असायची. मी कुठे असायचो?”

त्या दिवसापासून त्यांनी आईजवळ बसून जेवणं सोडलं. गोळ्या द्यायला आत जायचे, दिल्या की बाहेर यायचे, एखाद्या पाहुण्यासारखे. आई चार शब्दांवर थांबली असती तरी मी देवाचे आभार मानले असते. पण आपल्या बायकोला आपण कोण हेच आठवत नाही, असं मनात धरून हा माणूस उरलेले दिवस काढणार होता आणि ते मला बघवत नव्हतं. रागही येत होता. कोणाचा ते कळत नव्हतं, त्यामुळे तो भाजीवाल्यावर निघायचा.

एका दुपारी तो आईवरच निघाला. “आई, अगं म्हण ना! एवढं एक नाव! किती वाट बघतायत ते!” असं म्हणत मी कार्ड तिच्या नाकासमोर नेलं. तिने माझ्याकडे पाहिलं. तिचे गाल लालेलाल झाले. चांगल्या हाताने तिने माझ्या हातावर एक चापटी मारली आणि म्हणाली, “इश्श!”

मी खालीच बसले. अगं बाई गं! पन्नास वर्षांच्या संसारात आईने बाबांचं नाव घेतलेलं मी कधी ऐकलंच नव्हतं. “हे” म्हणायची, “अहो” म्हणायची, फार तर “आमच्याकडचे”. बँकेत पासबुक पुढे सरकवून “यांचं आहे” एवढंच सांगायची. गॅसवाल्याने नाव विचारलं की मला पुढे ढकलायची, “सांग गं बाबांचं नाव.” आणि मी दीडशहाणीने तेच नाव वीतभर अक्षरांत कापलं होतं आणि परक्या बाईसमोर तिला ते म्हणायला सांगत होते! ती तोंड फिरवत होती ती लाजून. ओळखलं तर तिने पहिल्या क्षणीच होतं.

मी धावत बाबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “समजूत काढतेस माझी,” ते म्हणाले.

“मला कधी कोणाची समजूत काढता आलीये का?”

“नाही, तेही खरंच,” ते म्हणाले, पण जागचे हलले नाहीत. त्यांना ते तिच्याच तोंडून ऐकायचं होतं.

आता आईच्या वयाच्या बाईला नवऱ्याचं नाव राजरोस घेता येतं ते फक्त एका ठिकाणी, उखाण्यात. मॅडमना फोन केला तर त्याही उत्साहाने म्हणाल्या, “जे पाठ असतं, तालात असतं, ते पुष्कळदा शाबूत राहतं. बघाच करून.” पण आईचा उखाणा कोणता होता? बाबांना विचारलं, तर म्हणाले, “मला काय आठवणार? मला सपाटून भूक लागली होती.” मग कसबा पेठेत आत्याला फोन लावला. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. ऐंशी पार केलीये, पण जिभेची धार तशीच आहे.

“आठवतोय का म्हणून काय विचारतेस?” आत्या फोनवर कडाडली. “जन्मात विसरणार नाही! गृहप्रवेशाला मी दोन्ही हात पसरून दार अडवून उभी. म्हटलं, नाव घेतल्याशिवाय आत सोडायची नाही. तर ही कालची पोर, लोणीहून आलेली, सगळ्या वऱ्हाडासमोर काय म्हणाली माहितीये? ‘लोणीचा ऊस गोड, पुण्याचं पाणी थंड, अमुकरावांचं नाव घेते, पुरे करा वन्सं बंड!’ मला म्हणाली! नणंदेला! सगळं वऱ्हाड फिदीफिदी हसलं.”

“आत्या,” मी म्हटलं, “तुला परत एकदा दार अडवायचंय.”

आईबाबांच्या लग्नाचा वाढदिवस जवळ आला होता. त्यासाठी भेट म्हणून मी आजवरचं सगळ्यात अवघड काम अंगावर घेतलं. लग्नाचा काळापांढरा फोटो स्कॅन केला, डाग काढले, त्यातून तरुण आत्या वेगळी केली. कार्ड उघडलं की कसब्यातल्या घराचं दार उभं राहायचं. उंबऱ्यावर तांदळाचं माप, आणि दारात हात पसरलेली आत्या. खालची पट्टी ओढली की तिचे हात खाली यायचे. हातांचा सांधा नीट फिरेना म्हणून कितीतरी आत्या केराच्या टोपलीत गेल्या.

चौकटीवर उखाण्याची पहिली ओळ तोरणासारखी कापायची ठरवली. देवनागरी कापायला मोठी सोयीची. शिरोरेघ सगळ्या अक्षरांना धरून ठेवते, शब्द एकसंध निघतो. पण अनुस्वार! त्याला कोणाचाच आधार नाही. मशीनमधून ओळ उचलली तर टिंबं खाली सांडली आणि माझ्या हातात राहिलं ‘पुण्याच पाणी थड’. मग चिमट्याने टिंबं शोधली आणि मागून पारदर्शक पट्टी लावून जागच्या जागी बसवली. दुसरी ओळ मी कापलीच नाही. ती तिने म्हणायची होती.

त्या दिवशी सकाळी आत्या नऊवारी नेसून, रिक्षावाल्याशी भांडून हजर झाली. बाबा बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसले. “चला ना आत,” म्हटलं तर, “पुन्हा तोंड फिरवेल, तिला त्रास कशाला?” असं म्हणाले. मी आत गेले आणि आईच्या मांडीवर कार्ड ठेवलं.

तिने उघडलं. दार उभं राहिलं. आई बघतच राहिली. तांदळाच्या मापाला तिने बोट लावलं, मग आत्याच्या पसरलेल्या हातांना. आत्या पलंगापाशी गेली आणि ठणकावून म्हणाली, “नाव घे. नाव घेतल्याशिवाय आत सोडायची नाही.”

“मेलं,” आई म्हणाली.

आत्या कसली ऐकतेय! “ते चालायचं नाही. नाव घे म्हणते ना!”

आईने खालून वर तिच्याकडे पाहिलं. मान ताठ झाली. चांगल्या हाताने तिने पदर सारखा केला आणि ओठ हलले. “लोणीचा... लोणीचा ऊस गोड,” ती म्हणाली. मग जरा थांबली, आणि पुढचं सगळं घडाघडा आलं, “पुण्याचं पाणी थंड...” आणि मग बाबांचं नाव, स्वच्छ, रावासकट. ते मी इथे लिहीत नाही. तिने पन्नास वर्षं जपलंय, मी कशाला उधळू? “...नाव घेते, पुरे करा वन्सं बंड!”

पट्टी तिनेच ओढली. कागदातल्या आत्याचे हात खाली आले. खरी आत्या ओक्साबोक्शी रडत होती आणि “बघ, परत म्हणाली मला, परत म्हणाली!” असं मला सांगत होती. मी तर नाचायचीच बाकी होते. जिंकलो होतो आम्ही!

मागे वळून पाहिलं तर बाबा दारात होते. पेपर कुठे टाकला होता कोण जाणे. डोळे पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. ते आत यायला निघाले, तर आत्या लगबगीने गेली आणि दोन्ही हात पसरून त्यांची वाट अडवून उभी राहिली.

“थांब. तूही घे.”

“अगं, मला नाही येत ते.”

“मग उभा राहा बाहेर.”

बाबांनी तिच्या खांद्यावरून आईकडे पाहिलं. एरवी तेही “अगं ए” आणि “ऐकलंस का” यापलीकडे कधी गेले नव्हते. त्यांनी आईचं नाव घेतलं. मागेपुढे काही नाही, नुसतं नाव.

आईने त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. मग ती अस्सल लोणीच्या बोलीत, तोंड वाकडं करून म्हणाली,

“जुळलं न्हाई.”

आत्या हसत सुटली आणि तिचे हात आपोआप खाली आले. बाबा आत आले, पलंगावर आईच्या शेजारी बसले.

“जुळवतो की,” ते म्हणाले, “आता घाई काय आहे?”