भीमाची सारंगी

मंगळवारी सकाळी शेजारचे आप्पा गेले. निपाणीच्या शाळेतून मी सदलग्याला पोहोचले, तेव्हा अंत्यसंस्कार झाले होते.

आप्पांच्या डबल बासला गावात भीमाची सारंगी म्हणत. माणसाहून उंच, गजाने वाजवायचं वाद्य. लष्करी बँडमधून निवृत्त होऊन आप्पांनी ते बेळगावहून बसने घरी आणलं, तेव्हा कंडक्टरने विचारलं, "आप्पा, ह्येचं फुल काढू का हाफ?"

"हाफ काढ. उभ्यानं येतंय."

हे सांगताना आप्पा स्वतः कधी हसत नसत.

बँडमध्ये हे वाद्य मागे राहून इतरांना आधार देतं. पण दीडशे वर्षांपूर्वी एका इटालियन वादकाने एक रचना केली. तिच्यात ते एकटं पुढे येऊन गातं, आणि शेवटच्या पानावर व्हायोलिनइतकं उंच चढतं. "जन्मभर दुसऱ्यांची साथ केली, बाई," आप्पा म्हणाले होते. "ह्ये येवढं एकदा पुरं वाजवायचं हाय. तुमची पेटी चालंल साथीला."

शाळेतून साडेपाचला आले की मी पेटी घेऊन त्यांच्या सोप्यात बसे. त्यांचा हट्ट एकच : चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. शेवटच्या पानाशी येईतो आतून सूनबाईंची हाक येई, "आप्पा, दिवस बुडाया लागलाय." जैनाचं घर, दिवस मावळल्यावर जेवण नाही.

"जेवून वाजवू या की," मी एकदा म्हटलं.

"भरल्या पोटावर न्हाय जमत. ह्येला पोटालाच टेकवायचं असतंय."

"मग एक दिस उपाशी वाजवा," सूनबाई आतून म्हणाल्या.

"उपाशी माणूस सूर काढतोय व्हय गं? रडतोय त्यो." मग माझ्याकडे वळून, "उन्हाळ्यात दिवस मोठा हुतोय, बाई. तवा पुरं करू."

रविवारी आणि सुट्टीत मी बेळगावला आईकडे जाते. या मे महिन्यात मात्र थांबायचं ठरवलं होतं. आप्पा माघातच गेले.

परवा सूनबाईंनी विचारलं, "बाई, त्यो शेवट कसा हाय वो? रोज मीच हाक मारून थांबवलं."

मी पेटी उघडली. शेवटच्या पानाची साथ वाजवली, आप्पांच्या जागा तेवढ्या रिकाम्या सोडल्या. सूनबाई दाराला टेकून उभ्या होत्या.

"येवढंच?"

"एवढंच. बाकीचं आप्पांचं होतं."

त्या उंबऱ्यावर बसल्या. म्हणाल्या, "परत वाजवा."

साथ मला शेवटपर्यंत येते.