साखळीचं दुसरं टोक

ड्वेन कुचेरा हॉटेलात शिरला की नेब्रास्कातल्या आमच्या गावचे सगळे रिकामटेकडे एकदम छताकडे बघतात. तीस वर्षं हा चावटपणा चालू आहे. ड्वेनही हसतो, कॉफी आणि कोलाचे, म्हणजे खसखशीचं सारण भरलेला गोड पाव, घेऊन खिडकीशी बसतो. मला मात्र त्या वेळी कपात तोंड लपवावंसं वाटतं.

कॉलेजच्या फुटबॉल संघात, म्हणजे आमच्या हातात बॉल घेऊन पळायच्या फुटबॉलच्या, तो लाइनबॅकर होता. पहिली फळी फोडून कुणी आलं की त्याला आडवं करायचं काम ड्वेनचं. बॉलकडे बघायचं नाही, समोरच्या गड्याचे पाय बघायचे, हे त्याला असं साधलं होतं की डाव कुठे वळणार ते त्याला आधीच कळे. मी त्याच्या मागे, शेवटच्या राखणीला.

शेवटच्या सामन्यात त्या पायांनीच त्याला हूल दिली. तो पुढे धावला, बॉल त्याच्या डोक्यावरून मागे गेला आणि सामनाही गेला. ड्वेननं घालवला, असं गावानं ठरवून टाकलं, आणि तेव्हापासून तो दिसला की डोक्यावरून जाणारा बॉल बघितल्यासारखं वर बघायला लागलं. पण बॉल झेलणारा तो गडी माझ्या वाट्याचा होता, आणि मीही हुलीला भुलून पुढे आलो होतो. कोण कुणाच्या वाट्याला, हे बघ्यांना कळत नाही. मी गप्प बसलो. लाज वाटते, पण खरं आहे.

पुढे ड्वेन गावच्या धान्यकोठारावर लागला. दर शुक्रवारी शाळेच्या सामन्यात आम्ही दोघं बॉल दहा यार्ड पुढे गेला की नाही ते मोजायची साखळी धरतो. एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. मक्यावरचं ऊन पिवळं होत जातं, रानहंस दक्षिणेकडे निघतात, आणि हा त्यांच्याकडे बघत असा हरवतो की साखळी ओढून त्याला भानावर आणावं लागतं.

यंदा त्याचे गुडघे गेले. परवाचा शुक्रवार त्याचा शेवटचा. मध्यंतरात साखळी गवतावर ठेवली आणि मी एकदाचं बोललो.

"ड्वेन, तो गडी माझा होता."

"माहितीय. तेव्हाच माहीत होतं."

"मग बोलला का नाहीस, शहाण्या? तीस वर्षं टोमणे खाल्लेस."

तो वर आभाळाकडे बघत होता. "मी मागे वळलो ना रँडी, तेव्हा बॉल दिव्यांच्याही वर होता. सावकाश फिरत होता. पळालो असतो तर गाठलं असतं त्या गड्याला. पण मी बघत उभा राहिलो. इतकं सुंदर पुन्हा काही पाहिलं नाही मी. हे कुणाला सांगू? वेड्यात काढलं असतं तुम्ही."

मला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी लवकर हॉटेलात जाऊन मी सगळ्यांना माझी चूक सांगितली. त्याचं ते बॉल बघत उभं राहणं मात्र सांगितलं नाही.

ड्वेन आला. कुणीच छताकडे बघेना, सगळे आपापल्या कपात बघत बसले. तो दारातच थबकला.

"काय रँडी," तो म्हणाला, "सामना घालवलास, आता हे वर बघणंही घालवलंस?"

मग त्यानंच मान वर केली, आणि आम्ही सगळे वर बघेपर्यंत तो तसाच उभा राहिला.