सामंतकाकांचा स्वेटर

मी पर्शियन मांजरांची पिल्लं विकते. पिल्लू नेण्याआधी प्रत्येकाकडून एक वापरलेला, न धुतलेला कपडा मागून घेते. पिल्लू आठवडाभर त्यावर झोपतं आणि नव्या घराचा वास त्याच्या ओळखीचा होतो.

सामंतकाकांनी मात्र कडक इस्त्रीचा शर्ट आणला. "धुतलेला नको काका, अंगावरचा हवा," म्हटल्यावर ते लाजले आणि अंगातला स्वेटरच काढून दिला. पिल्लू थेट बाहीत शिरलं.

नव्या ओळखीला आपण धुतलेले कपडे घालून जातो; जवळीक मात्र वापरातल्या वासाशीच होते.

काल काकांना फोन करून विचारलं, "रुळली का मनी?"

"अगदी," काका म्हणाले. "थंडी पडलीय, पण तिच्याकडे स्वेटर मागायची हिंमत होत नाही."