पावण्याचा खुराक

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.ए., इंग्रजी घेऊन, सेकंड क्लास. ही फुशारकी वाटली तर वाटू दे. फाउंड्रीत साचे भरणाऱ्या माणसाच्या पोरानं इंग्रजी घेऊन बी.ए. व्हावं, ही फुशारकीचीच गोष्ट आहे. पदवीदानाचा काळा झगा घातलेला माझा फोटो आईनं देवांच्या तसबिरींच्या रांगेत लावला होता. सकाळी उदबत्ती ओवाळताना ती माझ्यावरूनही एक फेरी काढायची.

पण खरं सांगायचं तर हे शिक्षण झालं वस्तादांमुळं. सातवी झाल्यावर वडील मला फाउंड्रीत नेणार होते. आमच्या तालमीचे वस्ताद म्हणजे जुने पैलवान, कान मोडलेले, आवाज असा की हळू बोलले तरी समोरच्या गल्लीत ऐकू जावा. त्यांनी वडिलांना तालमीच्या पायरीवर बोलावून घेतलं आणि म्हणाले, "पोराला शाळंतनं काढलास तर माझ्याशी गाठ हाय." वडील परत त्या विषयावर बोलले नाहीत. वस्तादांना नाही म्हणायची आमच्या पेठेत पद्धतच नव्हती.

बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगतो. कोल्हापुरात तालीम म्हणजे आधी कुस्तीचा आखाडा. पण त्याच तालमीची फुटबॉलची टीम असते, आणि हंगाम सुरू झाला की पेठेची सगळी इज्जत त्या अकरा जणांच्या पायात जाते. मी स्वतः फुटबॉलमध्ये काय कामाचा नव्हतो. टीममध्ये घ्यायचे ते लाईनवर झेंडा धरायला.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. पलीकडच्या पेठेनं एका हंगामासाठी नायजेरियाचा खेळाडू आणला, आणि त्यानं एकट्यानं आम्हाला चार गोल मारले. महिनाभर आमच्या पोरांना त्या पेठेतनं जाता येईना. चहाच्या गाड्यावरसुद्धा लोक विचारायचे, "चार कप देऊ?"

तालमीत बैठक झाली. आपण पण परदेशी आणायचा, ठरलं. मग कॅप्टननं विचारलं, "आणू की. पर त्याच्यासंगं बोलणार कोण?"

सगळी तालीम माझ्याकडं वळली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या पदवीची कुणाला तरी गरज पडली होती. छाती फुगली, आणि लगेच पंचाईतही ध्यानात आली. कारण मी इंग्रजी वाचलं होतं, लिहिलं होतं, त्यात निबंध पाडले होते. बोललो मात्र कुणाशीच नव्हतो. बोलणार कुणाशी? आईशी?

गोव्यातल्या एका कोचकडं दोन-तीन परदेशी पोरं होती. मी कागदावर वाक्यं लिहून एस.टी.डी. बूथवरनं फोन लावला. तिकडच्या माणसानं हॅलो म्हणताच मी सगळी वाक्यं एका दमात वाचून काढली. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि चक्क मराठीत म्हणाला, "पाठवतो."

पावणा गोव्याहून चंदगडमार्गे येणाऱ्या गाडीनं आला. आमच्याकडं अनोळखी माणसाला पावणंच म्हणतात, त्यामुळं त्याचं नाव विचारायच्या आधीच तो सगळ्या पेठेचा पावणा झाला. बावीस-तेवीसचा, उंच, सडपातळ, एक बॅग आणि बुटांची पिशवी. घाटातल्या वळणांनी त्याचा चेहरा उतरला होता. वस्तादांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मला म्हणाले, "ह्यो व्हय? ह्याला काय उपाशी ठेवलाता तिकडं?"

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला तो पळाला आणि आमची पोरं बघतच राहिली. चेंडू त्याच्या पायाला सोडायलाच तयार नव्हता. कॅप्टन कुणाला दिसू न देता डोळे पुसत होता. वस्ताद तेवढे गंभीर.

"पळतोय झ्याक. पर अंगात कायच न्हाय. पलीकडचा पोरगा खांदा मारंल आन हे जाऊन पडंल पंचगंगेत. खुराक चालू करा."

आता वस्तादांनी आयुष्यभर पैलवान घडवलेले. माणूस तयार करायचा म्हणजे काय, तर त्याला वजन आणायचं, एवढंच त्यांना ठाऊक. पहाटे दूधकट्ट्यावर म्हैस समोर पिळून घेतलेलं फेसाळ दूध, एक लिटर. त्यावर बदाम वाटून थंडाई. प्रॅक्टिसनंतर सहा अंडी. दुपारी तुपातला शिरा. आणि जेवायला पेठेतल्या घरांच्या पाळ्या लावलेल्या, कारण पावण्याला आपल्या घरी जेवू घालायचा मान प्रत्येकाला पाहिजे होता. ज्या घरी पाळी, तिथं मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा आणि वाढणाऱ्या बाईचं एकच वाक्य: "घ्या की पावणं, तुम्ही कायच खाल्लं न्हाय."

पावणा सगळं खायचा. त्याच्या आईनं निघताना त्याला बजावलं होतं की परक्या घरात ताट नाकारायचं नाही. हे त्यानं मला सांगितलं तेव्हा मला वाटलं, ह्याची आई आणि आपली आई एकाच गल्लीतल्या.

दुसऱ्या आठवड्यात सकाळी वस्ताद दुधाची किटली घेऊन उभे असताना त्यानं मला इंग्रजीत हळूच सांगितलं, "यांना सांग, मला एवढं जमत नाही. पोट फुगतं. पळता येत नाही."

वस्तादांनी विचारलं, "काय म्हणतोय?"

माझ्यासमोर वस्ताद. ज्यांच्यामुळं मी शिकलो ते वस्ताद. हातात त्यांनी स्वतः उचलून आणलेली किटली. माझ्या तोंडातनं आलं, "लई झ्याक दूध हाय म्हणतोय."

वस्ताद खूश झाले. "मग अर्धा लिटर वाढवा."

पावण्यानं माझ्याकडं विश्वासानं बघितलं. त्याला वाटलं, मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी किटली मोठी आली तेव्हा त्यानं मला विचारलं, "तू नक्की सांगितलंस?" मी म्हणालो, इथली पद्धत अशी आहे की कमी करायच्या आधी थोडं वाढवतात. इंग्रजीतलं माझं पहिलं लांबलचक, न अडखळता बोललेलं वाक्य हे. आणि तेही खोटं.

पाच आठवड्यांनी वस्तादांनी त्याला गुळाच्या अडतीवर नेलं. आमच्या तालमीतल्या एकाची अडत होती. गुळाचा एक रवा तीस किलोचा. पावणा काट्याच्या एका पारड्यात, दुसऱ्यात रवे. आला तेव्हा अडीच रवे भरला होता, आता पावणेतीन. तिथं जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. वस्ताद त्याची पाठ थोपटत म्हणाले, "आता कसा माणसात आला!"

त्या रविवारी पहिली मॅच. पहिल्या हाफमध्ये पावणा पळाला, म्हणजे पळायचा प्रयत्न केला. दुसऱ्या हाफमध्ये चेंडू त्याच्या बाजूनं गेला आणि तो कमरेवर हात ठेवून चेंडूकडं बघत राहिला. मग मैदानातच खाली बसला. गॅलरीतनं आवाज आला, "अरं, माती आणा की आखाड्यातली! पैलवान बसलाय, जोडीला माणूस सोडा!"

एक-एक अशी बरोबरी झाली म्हणून आम्ही वाचलो. पण दोन आठवड्यांनी गाठ पलीकडच्या पेठेशीच होती. संध्याकाळच्या बैठकीत कॅप्टन सरळ म्हणाला, "पुढच्या मॅचला असाच बसला तर चंदगडच्या गाडीत बसवायचा आन परत धाडायचा."

हे मात्र मला पावण्याला खरं सांगावं लागलं. तालमीच्या माडीवरच्या खोलीत तो बुटांच्या नाड्या सोडत बसला होता. ऐकून तो रागावला नाही, म्हणूनच मला जास्त लागलं. तो म्हणाला, "अर्ध्या हंगामातून परत पाठवलेल्या खेळाडूला कुठलाच क्लब घेत नाही. तिकडं म्हणतील, ह्याच्यात काहीतरी खोट आहे." आणि मग म्हणाला, "तू सांगितलंच नव्हतंस ना?"

मी बी.ए. इंग्रजी. मला 'नाही' एवढा एक शब्द इंग्रजीत सापडेना.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तालमीच्या पायरीवर वस्तादांची वाट बघत उभा राहिलो. ते किटली घेऊन आले. मागं पावणा.

"वस्ताद, एक सांगायचं हाय."

"सांग की."

"पावण्याला दूध नको हाय. पाच आठवडं नकोच होतं. तो सांगत होता, मीच तुम्हांस्नी सांगितलं न्हाय. त्येच्यामुळं त्याला पळता येईना झालंय."

वस्तादांनी किटली खाली ठेवली. मला वाटलं, आता कानाखाली येणार. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"मी हौसंनं आणत होतो रं," ते म्हणाले. मग आवाज चढला. पलीकडच्या गल्लीतली दोन दारं उघडली. "आन तू? तुला शाळंत ठेवायला तुझ्या बापाशी भांडलो, ते काय मला गोड वाटंल तेवढंच सांगायला व्हय? तसं सांगणारी बिनशिकलेली इथं पन्नास हायत!"

मी खाली मान घातली. ते पावण्याकडं वळले आणि मला म्हणाले, "इच्चार त्याला. त्याच्या गावाकडं पळणारी पोरं काय खात्यात?"

मी विचारलं. पावणा बोलत गेला आणि मी शब्दाला शब्द सांगत गेलो. भात, मासा, घेवड्यासारख्या बिया, केळी. सकाळी पळायच्या आधी जवळजवळ काहीच नाही. वस्ताद प्रत्येक पदार्थाला "बरं" म्हणत होते, शेवटच्याला मात्र "आरारा" म्हणाले.

पाळ्या बंद झाल्याचा निरोप घरोघरी गेला. आणि त्याच दिवशी पाळी होती आमच्या घरी. आईनं पहाटेच पांढऱ्या रश्श्यासाठी खोबरं वाटून ठेवलं होतं. मी कारण सांगितलं तर वरवंटा तिथंच ठेवून म्हणाली, "साऱ्या पेठेचं खाल्लं, आन आमच्याच पाळीला त्याचं पोट बिघडलं? आन ते सांगणारा कोण, तर माझाच ल्योक!" तो रस्सा मी आणि वडिलांनी दोन दिवस प्यायला. देवांच्या रांगेतल्या फोटोवरनं आठवडाभर उदबत्ती फिरली नाही.

दोन आठवडे पावणा भात-मासा खाऊन पळाला. पहाटे वस्ताद यायचे ते रिकाम्या हातानं. हातांचं काय करायचं ते त्यांना कळायचं नाही, मागं बांधून उभे राहायचे.

पलीकडच्या पेठेशी मॅच. स्टेडियम गच्च. त्यांचा परदेशी आणि आमचा परदेशी सुरुवातीला एकमेकांना मिठी मारून काहीतरी हसले, आणि दोन्ही पेठा संशयानं बघत राहिल्या. मग खेळ सुरू झाला आणि आमचा पावणा पहिल्या दिवसासारखा पळाला. गोल त्यानं केला नाही. शेवटच्या दहा मिनिटांत दोन डिफेंडर आपल्यामागं ओढत कोपऱ्यापर्यंत नेले आणि तिथनं चेंडू मागं टाकला. मोकळ्या उभ्या कॅप्टननं नुसता पाय लावला. एक-शून्य. मी लाईनवरचा झेंडा टाकून मैदानात पळालो, त्याबद्दल पंचांनी मला बाहेर काढलं.

शिट्टी झाल्यावर मी परत आत शिरलो, तोवर गर्दीतनं वाट काढत वस्ताद आले. हातात किटली. रिकाम्या हातानं त्यांच्यानं राहवलं नव्हतं. त्यांनी एक पेला भरला, पावण्यासमोर धरला आणि लगेच माझ्याकडं वळले. "इच्चार. नको आसंल तर नको."

मी विचारलं. पावण्यानं पेल्याकडं बघितलं, वस्तादांकडं बघितलं, आणि म्हणाला, "सांग त्यांना, आज चालेल. एकच पेला."

"व्हय म्हणतोय, वस्ताद. एक पेला पितो म्हणतोय."

वस्तादांनी पेला मागं घेतला. डोळे बारीक करून माझ्याकडं बघत राहिले.

"त्यो म्हणतोय, का तूच म्हणतोयस?"

मी पावण्याकडं हात केला. त्यानं स्वतःच पुढं होऊन पेला घेतला, अर्धा प्यायला आणि उरलेला वस्तादांच्या हातात दिला. वस्तादांनी तो तिथंच उभ्यानं संपवला, मिशी पुसली आणि रिकामा पेला माझ्या हातात कोंबला.

"पेला नीट धुऊन ठेव," ते म्हणाले. "बी.ए. झालायस न्हवं?"