उलटं सोवळं

"शिवू नको."

अक्कांनी मला उद्देशून म्हटलेलं पहिलं वाक्य हेच. दोन्ही हात कोपरात वाकवून छातीसमोर धरलेले, बोटं वर, जणू नुकतीच मेंदी काढलीय आणि ती सुकायची आहे. अंगात मागून बांधलेला पायघोळ निळा गाऊन, डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क. मी नव्या नोकरीवर रुजू झाले होते आणि ओळख करून द्यायला हात पुढे केला होता. तो तसाच हवेत राहिला.

आता माझ्यासारखीला काय वाटलं असेल, तुम्हीच सांगा. आमच्या घरी वर्तमानपत्र नंतर आलं, आधी पत्रकं आली. बाबा विडी कामगारांच्या संघटनेत होते आणि सुट्टीत मी पत्रकांच्या घड्या घालायची. माणसाने माणसाला 'शिवू नको' म्हणणं हा सगळ्यात मोठा गुन्हा, हे मी त्या घड्यांमधूनच शिकले होते. आणि इथे सोलापुरातल्या एका हॉस्पिटलच्या औषध विभागात माझी वरिष्ठच मला ते म्हणत होती. मी मनातल्या मनात मथळासुद्धा ठरवून टाकला.

अक्कांनी सावकाश एकावर एक घातलेले हातमोजे उतरवले, झाकणाच्या पिवळ्या डब्यात टाकले, साबणाने हात धुतले आणि मग विचारलं, "चिडलीस की काय?"

मी सोवळ्याओवळ्यावर बोलले. जरा जास्तच बोलले. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"हे उलटं सोवळं हाय गं," त्या म्हणाल्या. "देवघरातल्या सोवळ्यात आपण स्वच्छ, बाकीचे घाण. हितं घाण मी. तुला लागू नये म्हणून लांब हो म्हटलं."

अक्का कॅन्सरची इंजेक्शनं तयार करायच्या. बाटलीतलं औषध सुईने काढायचं आणि ज्याच्या त्याच्या मापाने सलाइनच्या पिशवीत सोडायचं, एवढंच काम. पण ही औषधं भराभर वाढणाऱ्या पेशी मारतात, आणि त्या कुणाच्या हे त्यांना कळत नाही. ज्याला गाठ आहे त्याच्या शिरेत गेली तर उपचार. तयार करणारीच्या कातडीत नाहीतर श्वासात थोडी थोडी रोज गेली, तर बऱ्याच वर्षांनी कधीतरी तिच्याच जिवावर. म्हणून हे काम एका काचेच्या कपाटात चालायचं. त्याच्या तोंडाशी हवा आत ओढली जायची, म्हणजे उडालेला तुषार बाहेर यायचा नाही.

"बाटलीवर चिडायचं न्हाय," हा त्यांचा पहिला धडा. घाईने बाटलीत हवा ढकलली की आतला दाब सुईवाटे फुसकन बाहेर येतो. थोडी हवा द्यायची, थोडं औषध घ्यायचं. मी चुकले की त्या सुई थांबवायला लावायच्या आणि विचारायच्या, घरी भांडून आलीस काय? घरी भांडून आलेलं त्यांना खरोखर कळायचं.

पेशंटच्या नातेवाइकांना त्या मराठी, तेलुगू, कानडी, समोरचा असेल त्या भाषेत बजावायच्या, की हे औषध लघवीतूनही बाहेर पडतं, संडासाचं झाकण लावून दोनदा पाणी सोडा. अक्कलकोटच्या एका आजोबांनी घरी झाकणच नसल्याचं सांगितलं. अक्कांनी त्यांना एक जुना पाट सुचवला. पुढच्या खेपेला आजोबा सांगत आले की पाट बसतो, पण आता सून त्यावर जेवायला बसत नाही. अक्का म्हणाल्या, सून शहाणी आहे.

त्यांच्या घरी तीन पिढ्या चादरी विणायच्या. वडील, म्हणजे नाना, रंगखान्यात होते. "आमच्या नानांचे हात मी पांढरे कधी बघितलेच न्हायीत," असं त्या सांगायच्या. सोमवारी लाल, गुरुवारी हिरवे. आई भाकरी वाढताना हात बघून वार ओळखायची. मात्र रंग दिसतो म्हणून माणूस निदान धुतो तरी, हे त्यांचं पुढचं वाक्य. आपल्या बाटलीतलं बहुतेक औषध पाण्यासारखं दिसतं, तीच पंचाईत.

एका सकाळी काचेच्या कपाटाचा हवा ओढणारा पंखा बंद पडला. दुरुस्तीचा माणूस पुण्याहून यायचा होता. कधी, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. बाहेर बाकावर पेशंट बसलेले. आमचे अधीक्षक वाईट माणूस नव्हते, पण बाकावरची माणसं पाहिली की त्यांचा धीर सुटायचा. त्यांनी ठरवलं, तोवर वॉर्डातल्या टेबलावर करा. खिडकी उघडा, छताचा पंखा बंद ठेवा. अक्कांचा हात असा आहे की थेंब सांडत नाही, मग काळजी कसली?

त्या टेबलाशी दिवसभर शबाना सिस्टर बसायची. तिला दिवस गेले होते आणि ते आता लपण्यासारखं राहिलं नव्हतं.

मी जेवणाच्या सुट्टीत पत्रक लिहून काढलं. त्यात 'खुनी' हा शब्द दोन ठिकाणी होता. अक्कांनी चष्मा लावून ते सगळं वाचलं.

"मथळा लई भारी," त्या म्हणाल्या. "पण बाकावरच्या माणसानं हे वाचलं तर तो डोस न घेता बार्शीची एसटी धरंल. त्याचं काय करायचं?"

त्यांनी पत्रकाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि रिक्षा करून भावाच्या रंगखान्यात गेल्या. परतल्या तेव्हा हातात चादरीच्या लाल रंगाची बाटली होती. रबरी बुचाच्या एका रिकाम्या बाटलीत आम्ही तो रंग पाण्यात कालवून भरला.

अधीक्षक साहेबांच्या टेबलावर त्यांनी वॉर्डातली पांढरी चादर अंथरली. त्या म्हणाल्या, "माझा हात सांडत न्हाय असं मलाबी वाटतं, साहेब. बघू की."

आणि रोज करायच्या तसंच त्यांनी केलं. थोडी हवा, थोडा रंग. सुई बाहेर काढताना श्वाससुद्धा धरलेला. साहेबांचा चहा बाजूला निवत होता. पिशवी लाल झाली, चादर पांढरीच दिसत होती. साहेब खुशीत म्हणाले, "काय सांगत होतो मी?"

मग अक्का वाकल्या. मीही वाकले. चादरीवर सुईच्या टोकाएवढे ठिपके होते. एक दिसला की शेजारचा दिसायचा. ते टेबलाच्या कडेपर्यंत गेले होते. बशीत होते. साहेबांच्या पांढऱ्या बाहीवर एक होता.

अक्कांनी आपले हात उलटसुलट करून पाहिले. एखाददुसरा थेंब निघेल, अशीच त्यांची अटकळ असावी. इतकी वर्षं ज्या हाताचा त्यांना अभिमान होता, तो त्यांनीच आमच्यासमोर खोटा पाडला होता.

"सांडतो की माझाबी हात," त्या हळूच म्हणाल्या. मग मान वर करून, "आता त्या टेबलाशी कोण बसतं, तेवढं सांगा साहेब."

साहेब बाही चोळत होते. हा डाग जाईल ना, असं त्यांनी विचारलं.

"सोलापूरच्या चादरीचा रंग हाय," अक्का म्हणाल्या. "जात न्हाय."

साहेबांनी तिथूनच गावातल्या दुसऱ्या हॉस्पिटलला फोन लावला. त्यांच्याकडे तसंच कपाट होतं. आमचं दुरुस्त होईपर्यंत अक्का रोज तिकडे जाऊन औषधं तयार करायच्या आणि बंद डबा मांडीवर घेऊन रिक्षाने यायच्या. रिक्षावाल्याने एकदा विचारलं, लाडू काय? "व्हय," अक्का म्हणाल्या, "पण वाटायचे न्हायीत." बाकावरच्यांना थोडं थांबावं लागलं, पण डोस कुणाचा चुकला नाही.

पुढच्या वर्षी अक्का निवृत्त झाल्या. निरोपाला साहेब तो डागाचा शर्ट मुद्दाम घालून आले होते. अक्कांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तुझं पत्रक अजून पर्समध्ये आहे. भावाच्या रंगखान्यात लावावं म्हणते. तिथे अजून कुणी हातमोजे घालत नाही. फक्त 'खुनी' काढ, भाऊ आहे माझा.

तेवढ्यात शबाना सिस्टर बाळाला घेऊन आली आणि तिने ते सरळ अक्कांपुढे धरलं. अक्कांचे दोन्ही हात सवयीने छातीसमोर वर गेले. सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. बेसिनपाशी गेल्या, हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले आणि मग पुढे केले.

बाळाने त्यांचं बोट मुठीत धरलं. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. अक्कांनी बोट ओढून घेतलं नाही.

"धर की," त्या त्याला म्हणाल्या. "धर."