साट्यात दिलेल्या दोघी

मनकर्णाला सासरहून हाकललं, त्या दिवशी तिच्या हातून साधी भाकरीसुद्धा करपली नव्हती. जे काही घडलं ते दूर गोरेगावात. तिचा भाऊ उत्तमराव यानं आपल्या बायकोला, जिवनबाईला, मारून माहेरी नरसीला पाठवून दिलं. आणि जिवनबाई होती मनकर्णाच्या नवऱ्याची, सोनाजीची, सख्खी बहीण.

दोघींची लग्नं एकाच मांडवात झाली होती, साट्यालोट्यानं. मनकर्णा नरसीला दिली आणि तिच्या बदल्यात जिवनबाई गोरेगावला आणली. थोर माणसं म्हणाली, घराला घर जोडलं गेलं. ते जोडणं असं, की गोरेगावात जिवनबाईला काठी बसल्याची खबर आली की नरसीत मनकर्णावर तिची भरपाई व्हायची. सोनाजी म्हणे, माझा तुझ्यावर राग न्हाई, पण बहिणीचा अपमान घरानं कसा गिळावा? सासूही तेच म्हणे. उठता-बसता घर, घर आणि घर. मार खायला मात्र त्या घराला दोन बायाच सापडायच्या.

जिवनबाई परत आली तशी मनकर्णाला वाटेला लावलं. मुलगा वंशाचा म्हणून ठेवून घेतला. धाकट्या सखूला आईच्या कडेवर दिलं. पोरगी कुणाला पाहिजे होती?

उत्तमरावानं बहिणीला ओसरीवरूनच परतवलं. तुझ्यापायी माझा संसार मोडला, असं तो वर म्हणाला. बायकोला झोडपलं त्यानं आणि संसार मोडला हिनं!

शेवटी गोरेगावातच बांगड्या विकणाऱ्या खुर्शीदबीनं आपल्या परसातली खोली दिली. मनकर्णा निंदायला, कापूस वेचायला जाऊ लागली. काही महिन्यांनी दारात जिवनबाई उभी राहिली. भावाच्या घरातही ती 'टाकलेली'च होती. तिला पाहून मनकर्णाचं डोकं भडकलं. हिच्यापायीच तर एवढा मार खाल्ला, असं तिनं तोंडावर सुनावलं.

जिवनबाई म्हणाली, "मला तर सांगत होते, तिकडं मनकर्णाला मारलं, म्हणून तुला."

 मग मनकर्णानं तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. तेव्हापासून दोघींची चूल एक झाली. गावानं नावं ठेवली. खुर्शीदबीलाही चार लोकांनी टोकलं. तिनं मनावर घेतलं नाही.

काही वर्षांनी, निजामाचं राज्य गेलं त्या हिवाळ्यात सोनाजी जातीतल्या दोन थोरांना घेऊन आला. मुलाचं लग्न जमत होतं, पण मुलीकडचे साटं मागत होते. तेव्हा त्याला सखूची आठवण झाली. अंगणात दोन पोरी खेळत होत्या. त्यानं मायेनं जवळ बोलावलं ते खुर्शीदबीच्या नातीला. स्वतःची लेक त्याला ओळखू आली नाही.

थोरांनी समजावलं की लेक बापाच्या घराण्याची असते, आईनं आडवं येऊ नये. मनकर्णा काही बोलायच्या आत जिवनबाई पुढं झाली.

"दादा, मी आत्या हाय तिची. मला बी तुमी असंच दिलं होतं. त्यात कुणाचं भलं झालं, सांगा."

सोनाजी म्हणाला, "घराण्याचं नाक कापून राहिल्या तुमी दोघी."

"बैल बदलायचे असतील तर बाजार हाय," मनकर्णा म्हणाली. "माझी लेक भेटणार न्हाई."

माणसं उठून गेली. त्यानंतर जातीत या दोघींना हळदीकुंकवाला, लग्नाकार्याला कुणी बोलावलं नाही. त्याचं त्यांना फार वाटलं नाही. पण मुलाचं लग्न फिसकटलं, आणि ते आईनं मोडलं असं नरसीत त्याला पढवलं गेलं. मनकर्णा त्याला भेटायला पायी गेली. ओठावर मिशी फुटलेलं ते पोरगं देवळाबाहेर भेटलं. तिनं आणलेली शिदोरी त्यानं हातात घेतली नाही.

"तुमी आमच्या घरच्या न्हाई," तो म्हणाला.

तिला रडू आलं नाही. राग आला, आणि तोही त्याच्यावर नाही. काल-परवापर्यंत आईच्या पदराला धरून चालणाऱ्या लेकराच्या तोंडात हे बोल घालणाऱ्या सगळ्यांवर आला. गोरेगावला पोचली तरी तो राग उतरला नव्हता.